एप्रिलचं ऊन, जानेवारीचा बर्फ : शीप क्रीक, 20 एप्रिल 2013

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात लव्हलँड पास नावाची खिंड आहे. उंची 11,990 फूट. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला महामार्ग 70 तिच्या शेजारून आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो आणि जुना महामार्ग 6 वळणं घेत खिंडीवर चढतो. रस्त्याच्या कडेला गाडी लावून थोडं चाललं की थेट बर्फाचे उतार, म्हणून स्की आणि स्नोबोर्डवाल्यांची इथे कायम वर्दळ. रिसॉर्टच्या हद्दीत उतार रोज तपासले जातात, लटकलेले थर स्फोटकं लावून आधीच पाडले जातात. हद्दीबाहेरच्या मोकळ्या डोंगरात, म्हणजे बॅककंट्रीत, हे काम कुणी तुमच्यासाठी करून ठेवत नाही.

याच परिसरात शीप क्रीक नावाचा ओढा आहे. 20 एप्रिल 2013 हा शनिवार होता. बॅककंट्रीवाल्यांच्या एका मेळाव्यासाठी जमलेल्यांपैकी सहा जण या ओढ्याच्या खोऱ्यात शिरले. वरच्या उतारावरचा बर्फ थराथरानिशी सुटून खाली आला आणि सहाही जण त्यात सापडले. पाच गेले, एक वाचला. 1962 साली ट्विन लेक्सच्या हिमस्खलनात सात जण दगावले होते. त्यानंतर इतकी मोठी जीवितहानी कोलोराडोत एका हिमस्खलनात झाली नव्हती.

हिमस्खलनाच्या बऱ्याचशा अहवालांत कुठेतरी एक ढळढळीत मूर्खपणा सापडतो आणि वाचणारा मनातल्या मनात सुटतो: मी असं केलंच नसतं. इथे तशी सोय नाही. हे लोक अनुभवी होते. बर्फाखालच्या माणसाचा ठाव लावणारं ट्रान्सीव्हर, टोचून पाहायची लांब काठी आणि फावडं त्यांच्याकडे होतं. त्या दिवसाचं हिमस्खलन बुलेटिन त्यांनी वाचलं होतं, कुठल्या दिशेचा उतार धोक्याचा आहे यावर आपसात बोलणंही झालं होतं. त्या उतारावर ते चढले नाहीत, त्यावरून घसरत उतरलेही नाहीत. त्याच्या पायथ्यातून फक्त पलीकडे जायचं होतं.

म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. धोका ओळखला होता. तो हाताळायला जी पद्धत वापरली, ती दुसऱ्या धोक्यासाठीची होती.

घड्याळाने चालणारा बर्फ

वसंतातल्या बर्फाबद्दल डोंगरात फिरणाऱ्यांचा एक ठरलेला हिशेब असतो, आणि हिशेब चांगला आहे. दिवसा ऊन लागून वरचा बर्फ वितळतो, पाणी कणांमधून खाली झिरपतं. रात्री आभाळ निरभ्र असलं की बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि ओला थर गोठून त्याचं टणक कवच होतं. हवा शून्याच्या थोडी वर असली तरी हे घडतं. उलट ढग पांघरून बसले असतील तर थर्मामीटर शून्याजवळ असूनही कवच धरत नाही. म्हणून पहाटे निघताना नुसतं तापमान पाहून भागत नाही, रात्री चांदण्या दिसत होत्या का हेही विचारावं लागतं.

हे वितळणं-गोठणं काही दिवस सलग चाललं की जुन्या स्फटिकांचे टपोरे, गोलसर दाणे होतात. स्कीवाले याला कॉर्न स्नो म्हणतात आणि त्यासाठी वर्षभर वाट पाहतात. सकाळी कवच पेलतं. मग वरचा इंच-दोन इंच भाग मऊ होतो, ती उतरायची वेळ. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, खडकांच्या कडेने बर्फाचे गोळे सुटून स्वतःभोवती बर्फ गुंडाळत खाली येऊ लागले, की उतार सोडायचा. पूर्वेकडचे उतार सर्वांत आधी तापतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. सूर्याच्या मागोमाग जायचं आणि त्याने पुढे गाठायच्या आत निघायचं. ओल्या बर्फाची घसरण हा त्या दिवसांतला नेहमीचा धोका, आणि तो बऱ्याच अंशी घड्याळाला बांधलेला असतो. लवकर निघा, लवकर परत या. कोलोराडोत तर नैऋत्येच्या वाळवंटांतून उडत आलेली धूळ वसंतात बर्फावर बसते, मळलेला पृष्ठभाग ऊन जास्त शोषतो आणि तिथली वेळ आणखी अलीकडे सरकते.

या हिशेबामागे न बोललेलं एक गृहीतक आहे: बर्फाच्या आतला हिवाळा संपलेला आहे. म्हणजे वरपासून जमिनीपर्यंत सगळा बर्फ शून्य अंशावर आलेला आहे, त्यातून पाणी एकदा आरपार गेलेलं आहे आणि डिसेंबर-जानेवारीतल्या थरांची वेगळी ओळख पुसली गेली आहे. उन्हाकडे तोंड असलेल्या उतारांवर एप्रिलमध्ये हे बऱ्यापैकी खरं असतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या, दिवसातले कित्येक तास सावलीत राहणाऱ्या उंच उतारावर तसं नसतं. दोन उतारांमध्ये एकच कडा असते, पण एका बाजूला मे महिना चालू असतो आणि दुसऱ्या बाजूला जानेवारी. बर्फाच्या दृष्टीने ऋतू कॅलेंडरवरून ठरत नाही, उताराचं तोंड कुठे आहे आणि तो किती उंचावर आहे यावरून ठरतो.

शीप क्रीकमध्ये सुटलेला उतार उत्तरेकडचा होता.

तळातला थर

कोलोराडोतल्या बर्फाच्या थरांची रचना समजायला तिथल्या हिवाळ्याची सुरुवात पाहावी लागते. समुद्र लांब, हवा कोरडी, रात्री कडाक्याच्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोडासा बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे तसाच पडून राहतो. खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा रात्री उणे 20. मधे फक्त फूट-दीड फूट बर्फ. एवढ्याशा जाडीत तापमानाचा एवढा फरक म्हणजे बर्फाच्या आत वाफेचा सतत प्रवास: तळाशी कण उडून जातात, किंचित वर जाऊन नव्याने गोठतात. दर 10 सेंटिमीटरला साधारण 1 अंशापेक्षा जास्त फरक असला की हे नवे स्फटिक टोकदार, कंगोरेदार होतात, एकमेकांना नीट चिकटत नाहीत. याला डेप्थ होअर म्हणतात.

बर्फात खड्डा खणून तळाशी हात घातला की याला वेगळं ओळखावं लागत नाही. वरच्या थरात फावडं कच्चकन अडतं, खाली आल्यावर एकदम आत जातं. मूठभर उचलला तर बोटांमधून साखरेसारखा सांडतो, कितीही दाबला तरी गोळा वळत नाही. भिंगाखाली एकेक दाणा पोकळ पेल्याच्या आकाराचा दिसतो, कडांवर समांतर रेघा.

2012-13 चा हिवाळा याच वळणाने गेला. हंगामाची सुरुवात कोरडी, बर्फाचं प्रमाण बराच काळ कमी, त्यामुळे तळातला थर कच्चा. मग एप्रिलमध्ये लागोपाठ वादळं आली आणि या पायावर नवा जड बर्फ चढला. वरचे थर एकमेकांत बसून घट्ट झाले, त्यांचा सलग, कडक स्लॅब तयार झाला. स्लॅब जितका घट्ट, तितका तो स्वतःला चांगला पेलतो आणि चालणाऱ्याला तितका भक्कम वाटतो. पायाखाली काही हलत नाही, रुतत नाही. वरून पाहणाऱ्याला तो चांगला बर्फ दिसतो.

असा स्लॅब सहजासहजी सुटत नाही. जिथे तो पाच-सहा फूट जाड आहे तिथे माणसाचं वजन तळापर्यंत पोहोचतच नाही. त्याच उतारावरून दहा जण जाऊन येतील आणि काही होणार नाही. पण जाडी सगळीकडे सारखी नसते. खडक वर आलेला असतो तिथे, कडेच्या वाऱ्यावर, आणि उताराच्या पायथ्याला, स्लॅब पातळ होतो. तिथे अकराव्या माणसाचं पाऊल तळातल्या थरापर्यंत पोहोचतं. तो थर जागच्या जागी खचतो. वर बसलेला सगळा बर्फ बोटभर खाली येतो, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि खोल, दबलेला 'वुम्फ' असा आवाज येतो. खचणं तिथेच थांबत नाही, कमकुवत थरातून ते बाजूला आणि वर धावत जातं. सपाटीवर असाल तर फक्त आवाज ऐकू येतो. पण त्या थराचं दुसरं टोक वरच्या 35-40 अंशांच्या उतारात असेल, तर तिथला स्लॅब सुटतो. म्हणजे उताराला हातही न लावता, खालून, लांबून हिमस्खलन सुरू करता येतं.

त्या दिवशी काय माहीत होतं

कोलोराडोतलं हिमस्खलन माहिती केंद्र हंगामात बुलेटिन काढतं. धोक्याच्या पाच पातळ्या असतात: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त आणि आत्यंतिक. त्या दिवशी तिथे तिसरी पातळी होती, लक्षणीय, आणि उत्तरेकडच्या उतारांवर खोलवर दडलेल्या कमकुवत थराबद्दल स्पष्ट इशारा होता. दोनच दिवस आधी, 18 एप्रिलला, जवळच्या व्हेल पास भागात एक स्नोबोर्डर हिमस्खलनात मरण पावला होता.

तिसऱ्या पातळीबद्दल माझं जुनं भांडण आहे. पाचपैकी तीन म्हटलं की मन आपोआप मध्यावर जाऊन बसतं. चौथी-पाचवी पातळी असते तेव्हा लोक मुळात डोंगरात जात नाहीत. तिसऱ्यात जातात आणि जपून जातात. जगभर हिमस्खलनातल्या मृत्यूंचा मोठा वाटा याच पातळीवर पडतो. शिवाय एकाच आकड्याखाली दोन अगदी वेगळ्या परिस्थिती झाकल्या जातात. ताज्या बर्फाचा थर असतो तेव्हा घसरण होण्याची शक्यता भरपूर असते, पण आकार लहान असू शकतो. उतार आधीच भेगा दाखवतो, कुठे कुठे लहानसहान सुटतो, बोलका असतो. खोल थराचं उलट असतं. शक्यता कमी, खुणा जवळजवळ नाहीत, पण सुटलाच तर सगळा उतार सुटतो. पहिल्या परिस्थितीत सावधपणे वागून निभावता येतं. दुसरीत सावधपणाला धरायला काही नसतं.

सहा जणांचा बेत साधा होता. लांबचा पल्ला मारायचा नव्हता, मोठा उतार उतरायचा नव्हता. धोक्याची बाजू सोडून खोऱ्यातल्या त्यातल्या त्यात सुरक्षित उतारावर जायचं होतं. मात्र तिथे पोहोचायचं तर उत्तरेकडच्या त्या उताराच्या खालच्या भागातून काही अंतर आडवं जावं लागणार होतं. पलीकडे झाडांचा एक झुपका होता, तो त्यांनी सुरक्षित जागा म्हणून हेरला. ठरलं असं की दोघांमध्ये 50 फूट अंतर ठेवायचं, हा तुकडा पार करायचा आणि झाडांपाशी जमायचं.

वाटेत ते खचणं त्यांना जाणवलं, आवाज ऐकू आला. काही सेकंदांत वर भेग उघडली. ते झाडांच्या दिशेने धावले. बर्फाने सहाही जणांना गाठलं.

पन्नास फूट

या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यात आहे. सहा माणसं, मधे पाच अंतरं, प्रत्येकी 50 फूट: रांगेची लांबी 250 फूट. जो स्लॅब सुटला तो काहीशे फूट रुंद होता, आणि तळातल्या थरापर्यंत, जागोजाग जमिनीपर्यंत, उखडून आला. म्हणजे रांगेचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक दोन्ही एकाच वेळी त्याच्या खाली होतं. अंतर 50 ऐवजी 70 फूट ठेवलं असतं तरी फारसा फरक पडला नसता.

अंतर ठेवण्याची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळली जातात. पहिलं कारण वजन. दोघांचं वजन एकाच ठिकाणी पडू नये, म्हणजे थरावर ताण कमी. ताज्या, पातळ स्लॅबवर याला अर्थ आहे. खोल थराला एक पाऊल पुरतं, ते नेमकं पातळ जागी पडायला हवं इतकंच. उलट सहा जण विखरून चालले तर अशा जागी पाऊल पडण्याची संधी वाढली, कमी झाली नाही.

दुसरं कारण: सुटलाच, तर सगळे सापडू नयेत. यासाठी अंतर फुटांत मोजून उपयोग नसतो, हिमस्खलनाच्या रुंदीत मोजावं लागतं. एक जण पूर्णपणे पलीकडे, घसरण पोहोचणार नाही अशा ठिकाणी जाऊन उभा राहिला की मगच दुसऱ्याने निघायचं. बाकीचे अलीकडे, तेही घसरणीच्या आवाक्याबाहेर. याला वेळ लागतो. सहा जणांना तो तुकडा असा पार करायला कितीतरी पट वेळ लागला असता. आणि इथे दुसरा नियम आडवा येतो, जो तितकाच प्रामाणिक आहे: धोक्याच्या जागी कमीत कमी वेळ थांबा. दोन नियमांमध्ये ओढाताण झाली की माणूस दोन्ही थोडे थोडे पाळतो. 50 फूट अंतर ही तशी तडजोड होती. कागदावर ती समंजस दिसते.

तळाशी ओढ्याची घळ होती, तिनेही घात केला. मोकळ्या पायथ्यावर आलेला बर्फ पसरतो, त्याची जाडी कमी होते. घळीत पसरायला जागा नसते, सगळा माल एकावर एक चढतो. अशा ठिकाणी मध्यम घसरणसुद्धा माणसाला खोल पुरते. नकाशावर उताराचे अंश बघणारे पुष्कळ असतात. खाली आलेला बर्फ कुठे साठेल हे बघणारे त्या मानाने थोडे.

झाडांबद्दलही बोलायला हवं. झाडं दिसली की सुरक्षित वाटतं, कारण दाट जंगलात मोठ्या घसरणी सहसा सुरू होत नाहीत. पण वरून येणारी मोठी घसरण तुरळक झाडांच्या झुपक्याला जुमानत नाही. उतारावरच्या झाडांकडे निरखून पाहिलं तर ती स्वतःच सांगतात: वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या आणि खालच्या शाबूत, किंवा एका पट्ट्यात सगळी झाडं एकाच वयाची आणि लहान. अशा ठिकाणी पूर्वी बर्फ येऊन गेलेला असतो.

आणि सगळ्यांत कळीचं, "आपण तर उतारावर नाही" ही भावना. स्लॅब बहुतेक करून 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतो, हे प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. ते खरं आहे, पण ते सुटण्याच्या जागेबद्दल आहे. थांबण्याची जागा पार खाली, 10-15 अंशांच्या सौम्य जमिनीवर असू शकते. पायथ्याशी उभं राहून क्लिनोमीटरने, म्हणजे उताराचा कोन मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने, सुटण्याच्या जागेच्या माथ्याकडे कोन मोजायचा. तो 25 अंशांच्या वर भरला तर आपण आवाक्यात आहोत असंच धरून चालावं. त्याखालीही मोठ्या घसरणी पोहोचल्याची उदाहरणं आहेत. पायाखालचा कोन मोजून स्वतःला सुरक्षित ठरवायचं आणि डोक्यावरचा मोजायचाच नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

बाहेर कुणी उरलं नाही

जो वाचला तो अर्धवट गाडला गेला होता. त्याचा एक हात कोपरापासून पुढे मोकळा होता. त्या हाताने त्याने चेहऱ्यावरचा बर्फ बाजूला केला, त्यामुळे श्वास घेता आला. बाकी शरीर थांबलेल्या बर्फात अडकलं होतं. हिमस्खलनाचा बर्फ वाहताना मोकळा असतो, थांबला की काही क्षणांत आवळतो, त्यातून स्वतः बाहेर पडणं जवळजवळ अशक्य. तो जवळपास चार तास तसाच होता. मग माणसं पोहोचली.

पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाचं गणित मिनिटांचं असतं. पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी साधारण नऊ जण जगतात. अर्ध्या तासावर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येतं. यात बाहेरून येणाऱ्या पथकाला जागाच नाही. वाचवणारे असतात ते सोबतचे, ज्यांनी घसरण डोळ्यांनी पाहिली आणि जे स्वतः तिच्यात सापडले नाहीत. ट्रान्सीव्हर, काठी, फावडं ही सगळी सामग्री त्यांच्या हातात असायला हवी. सहाच्या सहा खाली गेले की ट्रान्सीव्हर संदेश पाठवत राहतात, पण ते ऐकणारं कुणी नसतं.

म्हणून रांगेच्या अंतराचा मुद्दा नुसता किती जण सापडले एवढ्यापुरता नाही. एक-एक करून गेले असते तर हिमस्खलन टळलं असतं असं मी म्हणत नाही. कदाचित तिसऱ्याच्या पावलाने ते सुटलंच असतं. पण मग एक खाली आणि पाच वर असते. पाच फावडी, पाच ट्रान्सीव्हर, हातात दहा-पंधरा मिनिटं.

या घटनेवर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं, आणि अनेकांनी बोट अतिआत्मविश्वासाकडे दाखवलं. मला ते पटत नाही. आत्मविश्वास असता तर ते त्या उतारावर चढले असते. त्यांनी बुलेटिन मानलं, बेत लहान केला, धोक्याची बाजू टाळली, अंतर ठेवलं, थांबायची जागा ठरवली. पाठ्यपुस्तकातल्या पाचही गोष्टी. फक्त त्या पाचही गोष्टी अशा बर्फासाठी बेतलेल्या आहेत जो आधी कुरकुरतो, थोडं थोडं सुटतो आणि जिथे धोका उताराच्या अंगावर असतो. तळातून खचणाऱ्या स्लॅबपुढे यातली एकही पुरी पडत नाही.

मग करायचं काय होतं

खड्डा खणून तपासणी केली असती तर? बॅककंट्रीवाले फूटभर रुंद बर्फाचा खांब मोकळा करून त्यावर फावड्याने ठोकतात आणि थर कधी सरकतो ते बघतात. ताज्या थरासाठी ही परीक्षा कामाची. पाच फुटांखालच्या थराला हाताचा ठोका पोहोचतच नाही, आणि जिथे खणलं तिथून 30 फुटांवर स्लॅबची जाडी निम्मी असू शकते. खराब निकाल आला तर तो मानावा. चांगला आला तर त्यावर विसंबू नये. डेप्थ होअर बोटांनी चाळून पाहिल्यावर खरं तर आणखी परीक्षेची गरज उरत नाही.

राहता राहिले दोनच मार्ग. नकाशावर त्या उताराखालचा सगळा पट्टा, म्हणजे सुटण्याच्या जागेपासून घळीपर्यंत आणि घळीच्या पलीकडच्या काठापर्यंत, बंद म्हणून रंगवायचा आणि त्याला बगल देणारी वाट आहे का ते पाहायचं. नसेल तर त्या खोऱ्यात त्या दिवशी जायचं नाही. इथे मध्यम पर्याय नाही, आणि हेच गळी उतरवायला जड जातं. बाकीच्या सगळ्या बर्फाशी आपण घासाघीस करतो, वेळेची, अंतराची, कोनाची. या थराशी घासाघीस होत नाही.

मग हा उतार बंद किती दिवस? तारीख देता येत नाही, पण क्रम सांगता येतो. एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात उष्णता वाढत जाते आणि एका टप्प्यावर वितळलेलं पाणी पहिल्यांदा तळातल्या थरापर्यंत पोहोचतं. तो काळ सुटकेचा नसतो, उलट थर पुन्हा जागा होतो. महिनाभर शांत बसलेले उत्तरेचे उतार याच दिवसांत आपोआप, कुणाचंही पाऊल न पडता, जमिनीपर्यंत उखडून येतात. सलग दोन-तीन रात्री गोठण झाली नाही तर विशेष करून. नेमक्या याच सुमाराला अनेक ठिकाणची बुलेटिनं विरळ होतात किंवा हंगामापुरती बंद होतात, तेव्हा वाचायला समोर फक्त उतार असतो. त्यानंतर सगळा बर्फ शून्यावर येतो, पाणी आरपार वाहतं, कंगोरेदार दाणे गोल होतात आणि रात्रीच्या गोठणीने वरपासून एकजीव होत जातात. असे वितळण्या-गोठण्याचे अनेक फेरे झाले, आदल्या रात्री आभाळ निरभ्र होतं, कवच बुटाखाली खणखणीत आहे आणि खड्ड्यात तळाचा बर्फ मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा वळतो, की मग उत्तरेचा उतारसुद्धा घड्याळाच्या हिशेबात येतो. दक्षिणेकडे हे एप्रिलमध्येच होऊन गेलेलं असतं. उंच, सावलीतल्या उत्तरेकडे त्याला जून उजाडू शकतो.